तटस्थ मूल्यमापन: दावा लढवण्यापूर्वी त्याचे वजन कसे जोखावे

वाद न्यायालयात गेला की वादीला आपली बाजू सत्तर टक्के भक्कम वाटते आणि प्रतिवादीलाही आपली बाजू तेवढीच भक्कम वाटते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. निदान एकाचा, आणि पुष्कळदा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. ही चूक निकालाच्या दिवशी लक्षात येते, आणि तोवर काही वर्षे, बराच पैसा आणि उरलासुरला सलोखाही खर्ची पडलेला असतो. ती चूक लवकर, खाजगीत आणि कमी खर्चात उघडी पडावी यासाठी तटस्थ मूल्यमापन ही पद्धत आहे. ती कशी वापरावी, हे पक्षकार आणि त्यांचे वकील या दोघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने येथे मांडले आहे.

पद्धतीचे स्वरूप साधे आहे. वादातील दोन्ही पक्ष मिळून त्या विषयाची जाण असलेली एक अनुभवी आणि निःपक्षपाती व्यक्ती निवडतात. निवृत्त न्यायाधीश, ज्येष्ठ वकील, किंवा वाद तांत्रिक असेल तर अभियंता वा लेखापाल ही भूमिका घेऊ शकतो. दोघेही तिच्यासमोर आपली बाजू थोडक्यात, कागदपत्रांसह मांडतात, आणि हे प्रकरण न्यायालयात गेले तर कोणत्या मुद्द्यावर काय निष्पन्न होण्याचा संभव आहे याविषयी ती आपले सकारण मत देते. हे मत सर्वसाधारणपणे बंधनकारक नसते आणि ते गोपनीय राहते. मध्यस्थीत मध्यस्थ कोण बरोबर हे सांगत नाही, तो दोघांना बोलते करतो. लवादाचा निवाडा पक्षकारांना पाळावा लागतो. तटस्थ मूल्यमापन या दोहोंच्या मधले आहे: मत स्पष्टपणे मिळते, पण ते स्वीकारायचे की नाही हे पक्षकारांच्याच हाती राहते.

न्यायालयीन कार्यक्रम म्हणून ही पद्धत 1985 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात सुरू झाली. तेथील मुख्य न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांच्या पुढाकाराने नेमलेल्या एका गटाने दाव्यांच्या वाढत्या खर्चावर उपाय शोधताना असे पाहिले की, दाव्याच्या सुरुवातीच्या काळात पक्षकारांना आणि वकिलांना आपल्याच प्रकरणाकडे नीट बसून पाहण्यास भाग पाडणारे काहीच नसते. त्या काळात एका अनुभवी त्रयस्थासमोर दोन तास बसावे लागले, तर वादाचा गाभा कोणता आणि भोवतालचा गलबला कोणता हे वेगळे होईल, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे 1998 च्या अमेरिकी कायद्याने संघीय जिल्हा न्यायालयांनी पर्यायी वाद-निवारणाचे कार्यक्रम चालवावेत असे ठरवले आणि त्यात या पद्धतीचा नावानिशी उल्लेख केला. इंग्लंडमध्ये 2019 साली लोमॅक्स विरुद्ध लोमॅक्स या वारसाविषयक खटल्यात अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, असे मूल्यमापन करवून घेण्याचा आदेश न्यायालय पक्षकारांची संमती नसतानाही देऊ शकते. संमती असेल तर काम सोपे होते, हे मात्र कोणताही आदेश बदलू शकत नाही.

आपला वाद या पद्धतीला योग्य आहे का?

हा प्रश्न आधी विचारावा, कारण चुकीच्या वादासाठी ही पद्धत वापरली तर एक जास्तीची सुनावणी आणि एक जास्तीचे बिल एवढेच हाती येते. वाद जर करारातील एखाद्या कलमाच्या अर्थावर, कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावर, किंवा नुकसानभरपाईच्या रकमेवर अडला असेल, तर मूल्यमापन फार उपयोगी पडते, कारण त्यासाठी लागणारे बहुतेक सर्व साहित्य कागदावर असते. याउलट, वादाचा निकाल दोन साक्षीदारांपैकी कोण खरे बोलतो यावर अवलंबून असेल, तर उलटतपासणीशिवाय दिलेले मत हे मूल्यमापकाच्या मनावरील छापेपलीकडे फारसे जात नाही. भावंडांमधील किंवा भागीदारांमधील दुखावलेपण हेच वादाचे मूळ असेल, तर मध्यस्थी बरी. तेथे कोणाची बाजू किती भक्कम हे सांगितल्याने जखम भरत नाही, उलट चिघळते. तातडीचा मनाई आदेश हवा असेल, किंवा पुढील अनेकांना लागू पडेल असा न्यायालयाचा जाहीर निर्णयच हवा असेल, तर सरळ न्यायालयातच जावे.

वेळेचे गणितही जमावे लागते. फार लवकर गेल्यास आवश्यक कागद हाती नसतात आणि मूल्यमापकाला अंधारात बोलावे लागते. फार उशिरा गेल्यास खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि प्रत्येक पक्ष आपल्या भूमिकेशी इतका बांधला गेलेला असतो की मत ऐकूनही तो हलत नाही. माझ्या मते दावा आणि कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल होऊन मुख्य कागदपत्रांची देवाणघेवाण झाली, पण साक्षीपुरावा सुरू झालेला नाही, हा काळ सर्वांत चांगला. दावा दाखल होण्यापूर्वीही मूल्यमापन करता येते, मात्र अशा वेळी कोणते कागद परस्परांना द्यायचे हे दोघांनी लेखी ठरवून घ्यावे.

करारपत्र आणि मूल्यमापकाची निवड

मूल्यमापनाचा करार दोन-तीन पानांचा पुरतो, पण तो नसेल तर पुढे सर्व काही बिघडू शकते. त्यात पहिली गोष्ट गोपनीयतेची: या प्रक्रियेत जे बोलले, लिहिले किंवा कबूल केले गेले ते पुढे कोणत्याही न्यायालयात वापरले जाणार नाही, मूल्यमापकाला साक्षीदार म्हणून बोलावले जाणार नाही, आणि त्याचे मत न्यायाधीशाच्या नजरेस आणले जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. ज्याने मूल्यमापन केले त्याने पुढे त्याच वादात न्यायाधीश किंवा लवाद म्हणून बसू नये. इंग्लंडच्या वाणिज्य न्यायालयात एखाद्या न्यायाधीशाने असे मूल्यमापन केले, तर पक्षकारांनी वेगळे मान्य केल्याखेरीज तो त्या खटल्यात पुढे भाग घेत नाही, ही प्रथा आदर्श मानण्यासारखी आहे. मत बंधनकारक नाही हेही लिहावे. पक्षकारांनी ठरवल्यास ते बंधनकारक करता येते, पण तसे करण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, कारण मग संपूर्ण सुनावणी न होताच निवाडा स्वीकारल्यासारखे होते.

एक बाब नेहमी राहून जाते ती मुदतीची. मूल्यमापनाची बोलणी चालू आहेत म्हणून दावा दाखल करण्याची कायदेशीर मुदत आपोआप थांबेल असे गृहीत धरू नये. लागू कायदा काय म्हणतो ते वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि शंका असेल तर दावा आधी दाखल करून मग मूल्यमापनाकडे वळावे. सलोख्याच्या इच्छेपायी हक्कच बुडवून बसलेला पक्षकार पाहवत नाही.

व्यक्तीची निवड करताना मोठे नाव शोधण्याऐवजी नेमका अनुभव शोधावा. कराराच्या अर्थाचा वाद असेल तर तशा दाव्यांचे निकाल दिलेली किंवा ते चालवलेली व्यक्ती हवी. हिशेबाचा वाद असेल तर ताळेबंद वाचता येणे हे कायदा येण्याइतकेच महत्त्वाचे. तिचा दोन्ही पक्षांशी किंवा त्यांच्या वकिलांशी पूर्वीचा कोणताही व्यावसायिक संबंध असेल तर तो तिने आधी लेखी कळवावा. शुल्क सहसा निम्मे-निम्मे वाटून घेतात, आणि ते तसेच असावे, कारण पैसे एकानेच दिले तर प्रतिकूल मत ऐकताना दुसऱ्याच्या मनात पक्षपाताचीच शंका आधी येते.

प्रश्न नीट मांडणे: सर्वांत महत्त्वाचे काम

मूल्यमापन निरर्थक ठरते ते बहुतेक वेळा मूल्यमापकामुळे नव्हे, तर त्याला विचारलेल्या ढिल्या प्रश्नामुळे. ‘या वादात कोण जिंकेल?’ असे विचारले की उत्तरही तितकेच मोघम मिळते आणि दोन्ही पक्ष त्यातून आपल्याला हवे ते घेऊन घरी जातात. म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून प्रश्नांची एक यादी करावी आणि वादाची प्रत्येक पायरी वेगळी विचारावी.

एक उदाहरण घेऊ. एका इमारतीच्या गच्चीवर कंत्राटदाराने वॉटरप्रूफिंगचे काम केले. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या मजल्यावर गळती झाली. मालकाचे म्हणणे असे की काम निकृष्ट आहे, त्यामुळे नुकसान भरून मिळावे. कंत्राटदार म्हणतो की करारात ठरलेल्या मुदतीत दोषाची नोटीस मिळाली नाही, काम ठरल्याप्रमाणेच झाले आहे, आणि गळती वॉटरप्रूफिंगमुळे नसून पाण्याचा निचरा होणारे नळ तुंबल्याने झाली. येथे ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. विचारायचे ते असे: मालकाने पाठवलेला पहिला ईमेल करारातील ‘नोटीस’ या शब्दात बसतो का? थरांची संख्या आणि जाडी करारातील तपशिलाप्रमाणे नव्हती, हे उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होण्याची शक्यता किती? ते सिद्ध झाले असे धरून, गळती त्याच कारणाने झाली हे सिद्ध होण्याची शक्यता किती? आणि हे सर्व सिद्ध झाले, तर न्यायालय संपूर्ण थर नव्याने घालण्याचा खर्च देईल की केवळ डागडुजीचा?

अशा चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की वादाचा सांगाडा दिसू लागतो. पुष्कळदा असे लक्षात येते की तीन प्रश्नांवर फारसा मतभेदच नव्हता आणि सगळे भांडण चौथ्यावर उभे होते.

टिपण लिहिताना

प्रत्येक पक्षाने आपले म्हणणे आठ-दहा पानांच्या टिपणात मांडून ते सुनावणीच्या किमान आठवडाभर आधी मूल्यमापकाला आणि दुसऱ्या पक्षाला द्यावे. त्यात घटनाक्रम तारखांनिशी असावा, निर्विवाद बाबी वेगळ्या सांगितलेल्या असाव्यात, आणि ज्या पाच-सहा कागदांवर वाद खरोखर उभा आहे तेवढेच कागद जोडलेले असावेत. सहाशे पानांचा गठ्ठा दिल्याने बाजू भक्कम होत नाही. वाचणाऱ्याच्या मनात उलट संशय येतो की नेमका कागद तेवढा सापडत नाही.

टिपणात आपल्या बाजूतील दुबळेपणाही लिहावा, हे सांगितले की वकील बहुधा नाराज होतात, आणि तरीही मी ते आग्रहाने सांगतो. मूल्यमापकाचे मत त्याला जे दिसले त्यावरच बेतलेले असते. मालकाने पहिला ईमेल दोषाचा उल्लेख न करता नुसता ‘येऊन एकदा पाहून जा’ असा पाठवला होता आणि ही गोष्ट टिपणातून गाळली, तर मिळणारे मत त्याला सुखावेल, पण ते त्याच्या खऱ्या दाव्याविषयी नसेल. तोच ईमेल उलटतपासणीत पुढे येईल तेव्हा अनुकूल मत हातात असूनही दावा हातचा जाईल. अडचणीची गोष्ट दुसऱ्या पक्षासमोर उघड करायची नसेल, तर करारातच अशी सोय ठेवावी की प्रत्येक पक्ष केवळ मूल्यमापकासाठी एक स्वतंत्र गोपनीय टिपणही देऊ शकेल. मात्र त्यातही एक काळजी घ्यावी: ज्या गोष्टीला उत्तर देण्याची संधी समोरच्याला मिळालेली नाही, तिच्या आधारे मूल्यमापकाने त्याच्याविरुद्ध मत देऊ नये.

सुनावणीचा दिवस

सुनावणी सामान्यतः अर्ध्या दिवसात आटोपते. मूल्यमापक प्रक्रिया समजावून सांगतो, मग दोन्ही बाजू प्रत्येकी अर्धा-पाऊण तास बोलतात. साक्षीदारांची शपथ नसते, उलटतपासणी नसते आणि पुराव्याच्या कायद्याचे औपचारिक नियम लावले जात नाहीत. त्यानंतर मूल्यमापक दोघांनाही प्रश्न विचारतो, आणि अनुभवी पक्षकार या प्रश्नांकडे सर्वांत जास्त लक्ष देतात, कारण त्याला नेमके कोठे अडते आहे हे त्यांवरून मताच्या आधीच कळते.

केवळ वकिलांना पाठवून स्वतः घरी बसणे ही मोठी चूक आहे. ज्याला तडजोडीचा निर्णय घेण्याचा अधिकार आहे, त्या माणसाने तेथे प्रत्यक्ष बसले पाहिजे. संस्थेच्या बाबतीत फोन करून विचारावे लागणारा प्रतिनिधी नको, सही करू शकणारा अधिकारी हवा. आपल्या वकिलाच्या तोंडून ऐकलेली शंका आणि त्रयस्थ जाणकाराच्या तोंडून समोरासमोर ऐकलेली शंका यांचा मनावर होणारा परिणाम फार वेगळा असतो.

यानंतर मूल्यमापक एकटा बसून आपले मत लिहून काढतो. कॅलिफोर्नियातील पद्धतीचा एक बारकावा येथे उचलण्यासारखा आहे: मत लिहून झाल्यावर, पण ते सांगण्यापूर्वी, तडजोडीची बोलणी आधी करायची आहेत का असे पक्षकारांना विचारले जाते. शेजारच्या खोलीत मत लिहून तयार आहे आणि ते कोणाच्याही विरुद्ध असू शकते, या जाणिवेने त्या वेळी जी बोलणी होतात ती एरवीच्या बोलण्यांपेक्षा बरीच सरळ असतात. बोलणी फिसकटली तर मत वाचून दाखवले जाते.

मत कसे ऐकावे आणि मोजावे

मत ऐकताना निष्कर्षापेक्षा कारणे लिहून घ्यावीत, आणि शक्यता आकड्यांत मागावी. ‘बाजू बऱ्यापैकी आहे’ या वाक्याचा अर्थ एकाला चाळीस टक्के वाटतो, तर दुसऱ्याला ऐंशी.

गच्चीचेच उदाहरण पुढे नेऊ. मालकाच्या मागणीची पूर्ण रक्कम 100 धरा. मूल्यमापकाने सांगितले की नोटीस वैध ठरण्याची शक्यता 80 टक्के आहे, काम करारानुसार नव्हते हे सिद्ध होण्याची 70 टक्के, आणि ते सिद्ध झाल्यास गळतीचे कारण तेच होते हे सिद्ध होण्याची 60 टक्के. तिन्ही आकडे निम्म्याच्या वर असल्याने मालकाला आनंद होणे साहजिक आहे. परंतु त्याला जिंकण्यासाठी तिन्ही पायऱ्या चढाव्या लागणार आहेत, म्हणून शक्यतांचा गुणाकार करावा लागतो, आणि तो भरतो सुमारे 34 टक्के. तिन्ही पायऱ्या चढूनही न्यायालय 100 ऐवजी 75 च देईल असे मत असेल, तर दाव्याची आजची किंमत सुमारे 25 होते. येथून पुढे लढण्यासाठी प्रत्येकाला 10 खर्च येणार असेल आणि तो ज्याचा त्याने सोसायचा असेल, तर मालकाच्या दृष्टीने लढण्याचे मोल सुमारे 15 आणि कंत्राटदाराच्या दृष्टीने लढण्याचे ओझे सुमारे 35. या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेही तडजोड झाली तरी सरासरीच्या हिशेबाने दोघांचाही फायदा आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च द्यावा असा नियम असेल, आणि तो पूर्ण भरून मिळतो असे धरले, तर हीच पट्टी सुमारे 12 ते 32 अशी खाली सरकते. हा गुणाकार कागदावर करायला पाच मिनिटे लागतात; तो न केल्याने वर्षे वाया जातात.

मत प्रतिकूल असेल तर त्याच खोलीत वाद घालू नये. कोणता पुरावा असता तर मत बदलले असते, एवढेच शांतपणे विचारावे. त्या उत्तरात पुढच्या तयारीची दिशा असते. मत अनुकूल असेल तर मोह वेगळा असतो. ‘आता आपण जिंकलोच’ असे समजून मागणी वाढवणारा पक्ष हातात आलेली संधी दवडतो, कारण 70 टक्के अनुकूल मताचा अर्थ दहांपैकी तीन वेळा हार असा आहे. याच कारणाने मूल्यमापनानंतर लगेच, शक्यतो त्याच दिवशी, तडजोडीच्या बोलण्यासाठी दोन तास राखून ठेवावेत. मत देणारी आणि बोलणी घडवणारी व्यक्ती एकच असावी का, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. एकाची बाजू दुबळी म्हणून सांगितल्यानंतर तो माणूस त्याच व्यक्तीशी मोकळेपणाने बोलेलच असे नाही, म्हणून शक्य असल्यास बोलण्यांसाठी वेगळा मध्यस्थ ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

तडजोड झाल्यास ती खोली सोडण्यापूर्वी लेखी करून सह्या घ्याव्यात आणि दावा दाखल असेल तर न्यायालयाकडून ती नोंदवून घ्यावी. न झाल्यास त्या दिवशी जे निर्विवाद ठरले ते तरी वाया जाऊ देऊ नये. कोणती वस्तुस्थिती दोघांनाही मान्य आहे, कोणते मुद्दे सोडून द्यायचे, आणि उरलेल्या मुद्द्यांसाठी कोणते कागद व कोणते साक्षीदार लागतील, याचे एक संयुक्त निवेदन दोन्ही वकिलांनी तेथेच तयार करावे. हे निवेदन न्यायालयात वापरता यावे यासाठी ते गोपनीयतेच्या कलमातून वगळल्याचे त्यातच लिहावे. गच्चीच्या वादात, उदाहरणार्थ, थराची जाडी मोजण्यासाठी दोघांनी मिळून एकच तज्ज्ञ नेमायचा एवढे जरी ठरले, तरी पुढच्या सुनावणीतील दोन तज्ज्ञ साक्षीदार आणि त्यांच्या उलटतपासण्या टळतात.